पॉइंट पंचवीस

लॅपटॉपच्या पडद्यावरच्या परीक्षक बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्या सुनेला विचारलं, "ये पूरा पाठ आपने माताजी को रटवाया है?"

मी जेवणाच्या टेबलाशी हाताची घडी घालून उभी होते. सून माझ्यासमोर होती. तिच्या हातात दोनदा दुमडलेला गोल कागद होता. तिने तो उलगडला आणि पुन्हा दुमडला.

तिने मला एवढंच विचारलं होतं, की कागद एकदा दुमडला तर काय झालं. मी उभी राहिले आणि हिंदीत सगळं सांगून टाकलं. एकदा दुमडला की अर्धा, दोनदा दुमडला की पाव, तीनदा दुमडला की अर्धपाव. आता तुम्ही लाल कागद काढाल, त्याचे चार तुकडे कराल, एक बाजूला ठेवाल आणि मला विचाराल किती उरलं. पाऊण उरलं. लाल कागद अजून तिच्या पिशवीतच होता. पडद्यावरच्या बाई गप्प झाल्या, तेव्हा मला वाटलं त्यांना आणखी हवंय. म्हणून मी मराठीतून पावकी सुरू केली. बारा पाव तीनपर्यंत पोचले आणि त्यांनी चष्मा काढला.

त्या पाठावर सुनेचं पहिलं वर्ष पास की नापास ते ठरणार होतं, आणि त्यावर तिची नोकरी. अकरा वर्षं ती आमच्या सेक्टरमधल्या एका खाजगी शाळेत तिसरीला शिकवत होती. मग शाळेने सांगितलं की आता नुसत्या बी.ए.वर चालणार नाही, शिकवण्याची वरची पदवी घ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल तेव्हा पहिलं वर्ष पास झाल्याचा कागद हातात पाहिजे, नाहीतर वर्ग दुसऱ्या बाईंना देऊ. म्हणून तिने दोन वर्षांचा ऑनलाइन कोर्स धरला.

पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, दोन आठवड्यांनी आणखी एक संधी देते. विषय वेगळा. विद्यार्थी तोच ठेवायचा, कारण तसा नियम आहे. "और माताजी को पहले से कुछ मत सिखाइए. मुझे सीखता हुआ इंसान देखना है."

पडदा काळा झाला. सोफ्यावर माझा मुलगा होता.

"आई, यार, काय केलंस हे."

सून कागद गोळा करत होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हाला हेच हवं होतं ना, आई? झालं मनासारखं?"

"मला ते हवं असतं तर मी तोंडच उघडलं नसतं."

"त्याने कमी नुकसान झालं असतं."

ती आत गेली. माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. वर्षभर मी जशी वागले, त्यानंतर मीही ठेवला नसता.

नवऱ्याची केंद्र सरकारची नोकरी होती तोवर आम्ही सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, पुढे अंगण, शेजारी माणसं. तो निवृत्त झाला, मग गेला, आणि मुलाने यमुनेपलीकडे चौदाव्या मजल्यावर घर घेतलं. तिथे आधी शेतं होती. आता सगळे मनोरे, आणि सगळे एकसारखे. खाली उतरलं तर फाटकावरचा माणूस विचारतो, माताजी, किधर. या घरात मला बसायला एकच जागा होती, ती म्हणजे हॉलमधल्या खिडकीजवळची खुर्ची. कोर्स सुरू झाला आणि ती जागाही गेली. सोमवार ते गुरुवार, संध्याकाळी सहा ते आठ, हॉलमध्ये सुनेचा वर्ग. टेबलावर लॅपटॉप, कानात बोंडं. मी खोकले तरी ती मान वळवायची. कुकरला शिट्टी द्यायची नाही. टीव्ही नाही. फोनवर जोरात बोलायचं नाही. मी त्याला डब्यातली शाळा म्हणायचे, तिला ऐकू जाईल असं.

मिक्सर मी मुद्दाम लावला. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा तर त्यात वाटायला काही नव्हतंच.

"आई, मी म्यूट नव्हते," ती वर्ग संपल्यावर म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलं."

"मग त्यांना कळलं असेल की घरात स्वयंपाकही होतो."

"तुम्ही रिकामा मिक्सर फिरवत होतात. मी बघितलं."

मी मिक्सरचं कोरडं भांडं विसळायला घेतलं.

कोर्सच्या नियमाप्रमाणे एक विद्यार्थी धरून त्याला वर्षभर शिकवायचं, त्याचे पाठ चित्रित करून पाठवायचे आणि शेवटचा पाठ परीक्षकासमोर घ्यायचा. तिची शाळा वर्गात कॅमेरा येऊ देत नव्हती. तिने समोरच्या फ्लॅटमधली एक मुलगी धरली. दिवाळीपर्यंत ती आली. मग तिच्या आईने सांगितलं, हिची ट्यूशन, हिचं स्केटिंग, हिला वेळ नाही. दुसरं कोणी मिळेना. विद्यार्थी कुठल्याही वयाचा चालेल असं नियमात होतं, तेव्हा मीच उरले. सून माझ्यापुढे येऊन उभी राहिली ती दात उपटून घ्यायला निघाल्यासारखी.

"फक्त बसायचं, आई. मी विचारीन ते तुम्ही सांगायचं."

मी हो म्हटलं. घरात हातपाय हलवायला दुसरं काय होतं. मग एक दिवस माझी नात, नववीतली, तिच्या आईने भरलेला फॉर्म बघत होती. मी म्हटलं, वाच माझ्याबद्दल काय लिहिलंय ते.

"लर्नर, फीमेल, सेव्हंटी फोर," ती म्हणाली. "मग लिहिलंय की... आजी, लो लिटरसी म्हणजे, कमी शिकलेली."

"किती कमी?"

"इतकंच लिहिलंय. बॉक्स टिक केलाय बस."

मी चौथी पास आहे, पहिल्या नंबराने. नवे पैसे यायच्या आधी माझी शाळा सुटली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, सगळं पाठ. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. सून करोल बागेत वाढली, तिथल्या शाळेत ती पाढे हिंदीत, म्हणजे पहाडे शिकली, तिला पावकीसुद्धा येत नाही. ती अपूर्णांक शिकवते आणि दीड गुणिले सहा करायला कागद घेते. त्या दिवसापासून मी तिच्या पाठाला बसायचे ती जळत बसायचे.

तरी मी तिला पाडलं नाही. काय झालं ते सांगते.

आमच्या शाळेत एक मास्तर आणि चार वर्ग. वर्षातून एकदा दिपोटी यायचा, म्हणजे शाळा तपासणारा साहेब. तो यायच्या आधी आठ दिवस मास्तर आमच्याकडून सगळं घोकून घ्यायचे. दिपोटी काय विचारतो, कोणी उठायचं, कोणी काय सांगायचं. मी पहिल्या रांगेत असायचे. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायचं, म्हणजे मास्तरांची मान ताठ राहते. एका वर्षी माझ्या शेजारची मुलगी अडली. मास्तरांची बदली घाटापलीकडे झाली. अडल्यामुळेच झाली का, ते मला माहीत नाही. आम्हाला सगळ्यांना तसंच वाटलं, आणि त्या मुलीशी वर्षभर कोणी बोललं नाही.

सुनेने शेवटच्या पाठाची माझ्याबरोबर तीनदा तालीम केली होती. कॅमेरा कुठे, कागद कुठे, एवढंच तिला बघायचं होतं. मी मात्र शब्दन् शब्द पाठ केला. पडद्यावर त्या बाई आल्या आणि मला दिपोटी दिसला. मी उभी राहिले.

सून मला आवडत होती म्हणून नव्हे. तिची नोकरी गेली असती तर ती दिवसभर घरात असती. सकाळी सात ते दुपारी तीन हे घर माझं असतं. तेवढं मला वाचवायचं होतं.

हे मी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "आई, आजकाल परीक्षा तशी नसते."

"मला कोणी सांगितलं?"

"अगं, सगळ्यांनाच माहीत असतं."

नातीने विचारलं दिपोटी म्हणजे काय. मी सांगितलं, इन्स्पेक्टर. ती म्हणाली, पोलीस शाळेत कशाला येईल? मी विषय सोडला.

त्यानंतर दहा दिवस सून माझ्याशी कामापुरतं बोलली. पोळ्या झाल्या. दूध ठेवलंय. तिने कोर्सवाल्यांना विद्यार्थी बदलून मागितला, ते नाही म्हणाले. मग ती रोज संध्याकाळी वही घेऊन बसायची, विषय लिहायची आणि खोडायची. मला काय येतं आणि काय येत नाही हे तिला ठाऊकच नव्हतं. सात महिने मला शिकवून ठाऊक नव्हतं. इंग्रजी अक्षरं शिकवू का म्हणून तिने नवऱ्याला विचारलेलं मी ऐकलं. तो मोबाइल बघत म्हणाला, बिल्कुल, शिकव. मी आतल्या खोलीतून ओरडले की इंग्रजी अक्षरं मला येतात, बसच्या पाट्या वाचून आली आहेत. वहीतलं ते पानही खोडलं गेलं.

अकराव्या दिवशी तिला गोल काढायला झाकण हवं होतं. तिने माझी औषधाची स्टीलची डबी उचलली आणि उघडली. आत गोळीचे तुकडे होते आणि खाली न फोडलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा.

"आई, हे काय आहे?"

"माझी झोपेची गोळी."

"ते दिसतंय मला. तुकडे कसले? आणि एवढ्या पट्ट्या उरल्या कशा? मी दर महिन्याला आणते त्या?"

मग मीही सांगून टाकलं. कधीतरी सांगायचंच होतं.

कोर्स सुरू होऊन दोन महिने झाले होते तेव्हा ती मला डॉक्टरकडे घेऊन गेली होती. तिथे दोघं इंग्रजीत बोलले. डॉक्टरने माझ्याकडे बघून मान हलवली आणि गोळी बदलली. माझ्या जुन्या पट्टीवर पॉइंट पाच होतं. नव्या पट्टीवर पॉइंट पंचवीस. आकडे मला वाचता येतात. पाचाचे पंचवीस केले, म्हणजे पाचपट. मला उमगलं. सहा ते आठ हिचा वर्ग, म्हातारी झोपलेली बरी. मी कुणाला काही बोलले नाही. पाचवा भाग घ्यायला हवा होता, पण एवढ्याशा गोळीचे पाच भाग सुरीने होत नाहीत. म्हणून चार केले. पंचवीस पाव सव्वासहा. पूर्वीच्या पाचापेक्षा थोडी जास्त, तरी चालेल. नऊ महिने मी तो चौथा हिस्सा घेत होते. झोप येत नव्हती. मी ठरवलं की गोळीच खोटी आहे, आणि ती हिनेच आणली.

"तू डॉक्टरला सांगून माझी गोळी पाचपट करून घेतलीस," मी म्हटलं. "मला निजवायला."

सून खुर्चीवर बसली. तिने पट्टीवरचं बारीक छापलेलं वाचलं.

"नऊ महिने तुम्हाला असं वाटत होतं? मी तुम्हाला गुंगीचं औषध देते?"

"हो."

"आणि तरी माझ्या हातचं जेवत होतात?"

"जेवण मी करते. तू फक्त पोळ्या करतेस."

ती हसली नाही. मला वाटलं आता रडेल, तर रडलीही नाही. तिने विचारलं, "आई, पॉइंट पाच आणि पॉइंट पंचवीस. मोठं कोणतं?"

"मूर्ख समजतेस का मला? पंचवीस."

तिने पट्टी खाली ठेवली आणि वही ओढली. आता खोडाखोड नव्हती. मी विचारलं, काय लिहितेस? ती म्हणाली, "पाठ." मी विचारलं, मग मोठं कोणतं? "ते आता नाही सांगणार. रविवारी सांगीन, मॅडमच्या समोर."

"म्हणजे त्या बाईपुढे मला अडाणी दाखवणार."

"तुम्ही मला अख्ख्या कोर्सपुढे रिकाम्या मिक्सरवाली दाखवलंत."

मी अट घातली. फॉर्मवर कमी शिकलेली लिहिलंय ते खोड, आणि पावकी ते औटकी पाठ असं लिही. ती म्हणाली, फॉर्म आता बंद झाला, पण वर्षाच्या शेवटी एक निबंध लिहायचा असतो, या वर्षात आपण काय शिकलो त्याचा, त्यात लिहीन. मी म्हटलं, लिहिलंस की नातीकडून वाचून घेईन. ती म्हणाली, घ्या. रविवारपर्यंत गोळी कशी घ्यायची विचारलं तर म्हणाली, "डॉक्टरला फोन केलाय. आहे तशीच घ्या, सोमवारी बोलावलंय."

चार दिवस मी त्या दोन आकड्यांकडे बघत होते. मला काही वेगळं दिसेना. मुलाला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. विचारलं नाही. नातीलाही नाही. पंच्याहत्तराव्या वर्षाच्या तोंडावर मी पहिल्यांदा परीक्षेला तयारी न करता बसले, आणि ते मला आवडलं नाही.

रविवारी पडद्यावर त्या बाई आल्या. माझ्या सुनेहून लहान असाव्यात. सुनेने दोन आकडे कागदावर लिहिले आणि विचारलं, मोठा कोणता. मी सांगितलं, पंचवीसवाला. का? पाचापेक्षा पंचवीस मोठे म्हणून. पडद्यावरच्या बाईंनी खाली काहीतरी लिहिलं. माझे कान तापले.

सुनेने ताटाएवढा गोल काढला. ही भाकरी समजा, म्हणाली. तिचे दहा तुकडे केले. टिंबानंतरचा पहिला आकडा हे तुकडे मोजतो. दुसरा आकडा तुकड्याचे पुन्हा दहा तुकडे करून ती कणी मोजतो. मला म्हणाली, पॉइंट पाच रंगवा. मी पाच तुकडे रंगवले. मग पॉइंट पंचवीस. मी खडू उचलला आणि थांबले. दोन तुकडे रंगवले. तिसऱ्या तुकड्याच्या दहा कण्यांतल्या पाच.

ती काही बोलली नाही. पूर्वी प्रत्येक पाठात ती मध्ये बोलायची, मला वाक्य पुरं करू द्यायची नाही. त्या दिवशी ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

मी रंगवलेलं बघितलं. अडीच तुकडे. दहातले अडीच. अडीच चोक दहा.

"हा पाव आहे," मी मराठीतच म्हटलं.

पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, क्या कहा माताजी ने? सुनेने सांगितलं नाही. ती मला म्हणाली, "आणि पॉइंट पाच?"

"निम्मा. म्हणजे डॉक्टरने गोळी अर्धी केली होती."

"हो."

"आणि मी तिचा पाव घेत होते. पावाचा पाव. म्हणजे रुपयातला आणा."

"हो, आई."

"मग आधीच का नाही सांगितलंस, डॉक्टरकडून घरी येताना?"

"तुम्ही विचारलं नाहीत," सून म्हणाली. मग कागद गोळा करत, "मीही सांगितलं नाही. माझा वर्ग होता सहाला."

पडद्यावरच्या बाईंनी हे सगळं हिंदीत समजावून घेतलं. समजल्यावर त्या हसल्या. मला ते हसणं पटलं नाही आणि मी त्यांना तसं सांगितलं. सोमवारी डॉक्टरने सांगितलं, नऊ महिने एवढ्यावर काढलेत तर आता ही गोळी नकोच. त्याचाही मला राग आला.

आठवड्याने निकाल आला. सून पास. शाळा उघडली तेव्हा तिसरीचा वर्ग तिलाच मिळाला, आणि सात ते तीन घर माझं राहिलं. निबंध नातीने मला वाचून दाखवला, अर्धा हिंदीत, अर्धा तिच्या तुटक्या मराठीत. त्यात माझे पाढे होते, सातच्या सात, नावानिशी. मिक्सरही होता. मी म्हटलं, मिक्सर कशाला लिहिला? सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "खरं लिहायचं असतं त्यात."

आमचं काही गोड झालं नाही. ती अजून दीड गुणिले सहाला कागद घेते. मी अजून टोमणे मारते. खुर्ची खिडकीपासून हलवली ती हलवलीच. दुसरं वर्ष सुरू झालंय, आणि सहा ते आठ मी माझ्या खोलीत दार लावून बसते.

पास झाल्याचा कागद तिच्या एकटीच्या नावाचा आहे. पहिलं वर्ष काढलं ते आम्ही दोघींनी. माझा मुलगा त्या वर्षी याच घरात राहत होता, पण त्याला मी यात धरत नाही.